दिवेलागण झाली की बाळ भोकाड पसरतं आणि काही केल्या थांबत नाही: काय तपासायचं, काय करायचं, काय अजिबात द्यायचं नाही

तक्रार साधारण अशी असते. दिवसभर बाळ बरं असतं, पितं, झोपतं, शी-शू नीट, वजनही वाढतंय, आणि संध्याकाळी सहा-साडेसहा वाजले की जे सुरू होतं ते रात्री नऊ-दहापर्यंत. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, पोट टणक, छातीशी घेतलं तरी तोंड फिरवतं, मांडीवर नको, पाळण्यात नको, कडेवर दोन मिनिटं गप्प आणि परत सुरू. मधेच पादतं आणि घरातले सगळे एका सुरात म्हणतात, बघ, गॅस आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ, तेच रडणं.

यालाच डॉक्टर कोलिक म्हणतात. मला दोन मुलं, मोठा अगदी शहाण्यासारखा वाढला आणि धाकटीने त्याची सगळी भरपाई केली, त्यामुळे ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक नव्या आईचा फोन मला येतो, आणि दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची, कारण ती कळली की अर्धी भीती जाते. हे रडणं बहुतेक बाळांत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत आपोआप ओसरतं. बाळ लवकर जन्मलेलं असेल तर हे आठवडे डिलिव्हरीच्या खऱ्या तारखेपासून नाही, डॉक्टरांनी आधी दिलेल्या तारखेपासून मोजायचे. १९५४ साली वेसेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी तीनाचा नियम सांगितला: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि असं तीन आठवड्यांहून जास्त, तर कोलिक. आता घड्याळ लावून तीन आठवडे वाट बघत बसायची गरज नाही, असं हल्लीचे डॉक्टरही मानतात. १९६२ मध्ये ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी साध्या, निरोगी बाळांच्या आयांकडून रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या तर सहाव्या आठवड्यात धडधाकट बाळंसुद्धा दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास रडत होती. म्हणजे तुमचं बाळ जगावेगळं काही करत नाहीये, सगळेच जे करतात तेच जरा जास्त करतंय.

आणि आपल्याकडे गंमत काय होते बघा. सहावा आठवडा म्हणजे आपला सव्वा महिना. नेमकं तेव्हाच बाळंतपण संपतं, न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींचं येणं बंद होतं, आई माहेरून सासरी येते, दीड महिन्याची लस तेव्हाच टोचतात, आणि बाळाला बघायला येणाऱ्यांची रीघही तेव्हाच वाढते. मग प्रत्येकाला आपापलं कारण सापडतं. कुणी म्हणतं घराची हवा मानवली नाही, कुणी म्हणतं लसीने बिघडलं, कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी हळूच म्हणतं हिचं दूध पचत नाही. लसीचं रडणं एक-दोन दिवसांचं असतं, सोबत अंग कोमट आणि मांडी दुखरी, त्याचा रोज संध्याकाळच्या या कार्यक्रमाशी संबंध नाही. हेच ओसरतानाही होतं. तिसरा महिना संपता संपता रडणं स्वतःहून कमी व्हायला लागतं आणि त्या आठवड्यात जे काही तोंडात घातलं असेल, घुटी म्हणा, थेंब म्हणा, दुसऱ्या डॉक्टरांचं तिसरं औषध म्हणा, त्याला श्रेय मिळतं. मग ती बाई पुढच्या दहा जणींना तेच सांगते. हे एवढं डोक्यात ठेवलं की घरातल्या निम्म्या सल्ल्यांचं मूळ कळतं.

आधी अंगावरचे सगळे कपडे काढून बघा

खरंच सगळे. टोपरं, मोजे, हातमोजे, लंगोट किंवा डायपर, सगळं. उजेडात, पंखा बंद करून, दुपट्यावर ठेवून डोक्यापासून बघत खाली यायचं. हातापायाच्या बोटांना केस गुंडाळलाय का हे बघा, ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि बाळंतपणानंतर आईचे केस तर मूठमूठ गळतात. मोज्याच्या आतला सुटलेला दोरा किंवा लांब केस बोटाला असा करकचून बसतो की बोट सुजतं, लाल-जांभळं होतं आणि बाळ किंचाळत राहतं. मुलाच्या शूच्या जागीही बघा. केस दिसला आणि सहज निघाला तर ठीक, रुतलेला असेल तर घरी कात्री चालवू नका, सरळ दवाखाना. मग जांघेत फुगवटा आहे का बघा, रडताना येतो आणि गप्प झाल्यावर आत जातो असा असला तर त्याच दिवशी दाखवा, फुगवटा कडक आहे आणि आत जातच नाही तर तिथल्या तिथे निघा. डोळा एकच लाल किंवा सारखं पाणी येतंय का, स्वतःच्याच नखाने ओरखडा गेलेला असू शकतो. कानाला हात लावला की जास्त रडतं का. ढुंगण लाल झालंय का. मानेच्या वळीत दूध साचून कातडी ओली, लाल झालीये का. कपड्याचं लेबल, बाळलेण्यातली काळ्या मण्यांची मनगटी, कमरेचा करगोटा घट्ट झालाय का, सहा आठवड्यांत बाळ चांगलं भरतं आणि बारशाला बांधलेला करगोटा कुणी सैल करत नाही.

थांबायचं नाही, सरळ डॉक्टर

खालचं काहीही दिसलं तर ते कोलिक आहे की नाही यावर घरी चर्चा करू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हाताने बघून नाही, थर्मामीटरने. हिरवी उलटी. प्रत्येक पाजण्यानंतर जोरात लांब उडणारी उलटी आणि वजन वाढत नाहीये. शीमध्ये रक्त. टाळू फुगून वर आलेला. पोट टम्म आणि हात लावू देत नाही. दूध प्यायला नकार, किंवा चोवीस तासांत शूचे दुपटे नेहमीपेक्षा खूप कमी. झोपेतून उठवलं तरी उठत नाही, अंग ढिलं पडलंय. रडण्याचा आवाज एकदम बदलला, बारीक चिरका झाला किंवा नुसतं कण्हतंय. पडलं-बिडलं असेल तर. रात्र असेल तर १०८.

अजून एक फरक लक्षात ठेवा, कोलिकचं बाळ रडून झाल्यावर अगदी नॉर्मल असतं. हसतं, बघतं, चांगलं पितं. दोन रडण्यांच्या मधेही जे बाळ मलूल आहे ते कोलिक नव्हे.

डॉक्टरकडे जायच्या आधी तीन-चार दिवस वहीत लिहा: कधी प्यायलं, कधी झोपलं, शू-शी किती, रडणं कधी सुरू आणि कधी बंद. आणि एकदा फोनवर रडण्याचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण सकाळच्या ओपीडीत हेच बाळ असं काही गोड बसतं की डॉक्टरांना तुम्हीच खोट्या वाटाल.

संध्याकाळचं रडणं दुपारीच ठरतं

माझं मत विचाराल तर रडणं सुरू झाल्यावर जे करतो त्यापेक्षा चार ते सहा या वेळात काय चाललंय ते जास्त महत्त्वाचं. दीड महिन्याचं बाळ एका वेळी तास, फार तर सव्वा तास जागं राहू शकतं. त्यापुढे ते थकतं, आणि थकलेलं बाळ झोपत नाही, रडतं. आपल्या घरी संध्याकाळी काय असतं? शेजारच्या काकू बघायला येतात, बाळ या हातातून त्या हातात जातं, टीव्हीवर मालिका लागलेली, ट्यूबलाइट भगभगीत, स्वयंपाकघरात फोडणीचा खकाणा आणि कुकरच्या शिट्ट्या, उदबत्ती लावलेली, आणि वर कुणीतरी खुळखुळा वाजवून हसवायला बघतंय. त्याने रडू नये तर काय करावं? पाच वाजल्यापासून पाहुणे बंद, एका खोलीतला दिवा मंद, आवाज कमी, आणि चारच्या सुमाराची झोप काहीही करून, अगदी कुणाच्या खांद्यावर का होईना, झालीच पाहिजे. हे आठवडाभर नेटाने केलं तर रडणं बंद होत नाही पण कमी होताना पुष्कळ घरांत पाहिलंय.

दुसरं पाजण्याचं. रडलं की लाव छातीला, हा नियम संध्याकाळी उलटतो. पोट भरलेलं बाळ चोखायला म्हणून पितं, वर आणखी दूध पोटात जातं, मग रडताना हवा गिळतं, मग दुखतं, मग आपण पुन्हा पाजतो. खरी भूक रडायच्या आधीच दिसते, हात तोंडात घालतं, मान वळवून शोधतं, ओठ चाटतं. तेव्हा पाजा. दूध भरपूर असेल आणि बाळ गटगट पिऊन ठसकत असेल, शी हिरवट फेसाळ होत असेल, तर एका बाजूचं पूर्ण पिऊन झाल्याशिवाय दुसरी बाजू देऊ नका, नाहीतर पहिलं पातळ दूध जास्त जातं आणि त्यातल्या साखरेने पोटात गुडगुड होते. बाटलीचं असेल तर निपल नेहमी दुधाने भरलेलं राहील अशी बाटली तिरकी धरा, भोक फार मोठं नको, आणि पावडर मोजताना डब्यातला चमचा सपाट, शीग लावून नाही. दर आठवड्याला पावडरचा ब्रँड बदलून काही होत नाही, खिसा तेवढा रिकामा होतो.

ढेकर काढायला खांद्यावरच घेतलं पाहिजे असं नाही. मांडीवर आडवं बसवा, एका हाताचा अंगठा आणि बोट यांनी जबड्याला आधार, गळ्याला नाही, दुसऱ्या हाताने पाठीवर खालून वर चोळा. पाच-सात मिनिटांत नाही आला तर नाही आला, सोडा.

सुरू झाल्यावर

सगळ्यात जास्त चालणारी पोझ सांगते, नीट वाचा. बाळाला तुमच्या हातावर पालथं घ्यायचं. डोकं तुमच्या कोपराच्या खोबणीत, गाल बाहेरच्या बाजूला आणि नाक मोकळं, पोट आणि छाती तुमच्या हाताच्या पुढच्या भागावर, दोन्ही पाय हाताच्या दोन बाजूंना लोंबकळत आणि एक मांडी तुमच्या पंजात पक्की धरलेली. दुसरा हात पाठीवर. मग हात स्वतःच्या पोटाशी दाबून चालायला लागा. पोटावर हलका दाब पडतो, समोर आपलं तोंड नसतं, जमीन हलताना दिसते, काय कशाने होतं कुणास ठाऊक पण आमच्याकडे सगळ्यात आधी यानेच आवाज खाली यायचा. बाबा लोकांना हे छान जमतं, हात लांब असतो.

चालताना थांबू नका, सलग चाला. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये थोड्या बाळांवर हे मोजून पाहिलं, रडणाऱ्या बाळाला घेऊन सलग पाच मिनिटं चाललं तर ते शांत होतं, पुष्कळदा झोपतं, आणि झोपलं की लगेच खाली न ठेवता पाच ते आठ मिनिटं तसंच मांडीवर घेऊन बसलं तर खाली ठेवल्यावर उठण्याची शक्यता कमी. त्यांच्या नोंदींत असंही दिसलं की बाळ पाठ गादीला टेकल्याने नाही, आपलं अंग त्याच्यापासून सुटताना जागं व्हायला बघतं. म्हणून खाली ठेवताना हात एकदम काढू नका, आधी छाती टेकूनच वाका, मग हळूहळू सुटा. ती बाळं साधी रडणारी होती, कोलिकची नव्हे, तरी करून बघायला काय जातंय.

गुंडाळणं चालतं, आपली जुनी मऊ सुती साडी फाडून केलेलं दुपटं सगळ्यात उत्तम. हात आत, पण पाय आत मोकळे वाकवता आले पाहिजेत, सरळ करून करकचून बांधलं तर खुब्याला त्रास होतो. गुंडाळलं की झोपवायचं उताणंच. आणि एप्रिल-मेमध्ये अकोल्या-नागपुरात कुंची, टोपरं, स्वेटर आणि वर दुपटं असं केलंत तर बाळ पोटदुखीने नाही, उकाड्याने रडतंय. मानेच्या मागे हात लावा, घाम असेल तर एक थर काढा.

आवाज: शूऽऽ शूऽऽ सलग, त्याच्या रडण्याइतका मोठा आधी आणि मग हळूहळू लहान. एक्झॉस्ट फॅन, बाथरूमचा नळ, फोनवरचा पावसाचा आवाज, सगळं चालतं, मिक्सर मात्र नको. फोन पाळण्यात ठेवायचा नाही, लांब ठेवायचा, आवाज कमी, आणि झोपलं की बंद. अंगाई येत नसेल तर आरती म्हणा, पाढे म्हणा, सूर बाळ तपासत नाही.

कोमट पाण्याची अंघोळ संध्याकाळी पाच-साडेपाचला सरकवली तर काही बाळांना बरं पडतं, पाणी कोपराने बघा. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बोटांनी हलकं चोळायचं, पाय सायकलसारखे फिरवायचे, पण हे रडण्याच्या ऐन भरात नाही आणि पाजल्या पाजल्या नाही. मालिशवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवा: पाय धरून उलटं लटकवायचं नाही, बाळाची छाती पिळायची नाही (गळू होतं हो, मुलगी असो की मुलगा), नाकात-कानात तेल घालायचं नाही, तेलात कापूर नको कारण कापूर कातडीतूनही जातो आणि लहान बाळाला झटके आलेत त्याने. शेगडीची धुरी बंद खोलीत तर अजिबात नको, धूर आणि कोळशाचा वायू दोन्ही वाईट. शेकायचंच असेल तर स्वतःचे तळहात एकमेकांवर चोळून गरम करा आणि पोटावर ठेवा, तव्यावर गरम केलेल्या फडक्याने भाजलेली बाळं दवाखान्यात येतात.

बाळ कुंथतं, लालेलाल होतं, रडतं आणि मग मऊ शी होते, ही बद्धकोष्ठता नाही. ते एकीकडे जोर लावतं आणि दुसरीकडे खालचा स्नायू सैल सोडायला अजून शिकलेलं नसतं, एवढंच. अंगावर पिणारं बाळ चार-पाच दिवस शी न करताही मजेत असू शकतं. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून घालणं, साबणाची कांडी, हे नको.

तोंडात काय घालायचं

सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध, डॉक्टरांनी लिहिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब, आणि काही औषध असेल तर तेही डॉक्टरांनीच लिहिलेलं. बस. इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात म्हणून जरा सविस्तर.

घुटी. सहाणेवर मुरडशेंगेचे दोन वेढे, हळकुंडाचा एक, वेखंड, जायफळ, हिरडा, अतिविष, खारीक, बदाम. आमच्याही घरी ती डबी आहे आणि तिचा वास मला आवडतो. पण वेढा म्हणजे किती? दाबून की हलक्या हाताने, जुनं जायफळ की ताजं? जायफळाने बाळ झोपतं हे खरंय, ते गुंगीने झोपतं, आणि गुंगी किती येईल हे कुणाच्या हातात नसतं. वेखंडाने बाळांना उलट्या झालेल्या आहेत. सहाण उकळलेली नसते, पाणी उकळलेलं असलं तरी बोट नसतं, म्हणजे जुलाबाची सोय झाली. आणि मधातून तर नकोच नको, वर्षाच्या आतल्या बाळाला मधाने बॉट्युलिझम होऊ शकतो, त्यात बाळाचे स्नायू लुळे पडतात. हिंग पोटात द्यायचा नाही. नाळ पडून बेंबी पूर्ण सुकलेली असेल तर बेंबीभोवती लावलेल्या पातळ हिंगाने सहसा काही बिघडत नाही, फायदा होतो असंही मी म्हणणार नाही, आजीचं समाधान होतं.

ग्राइप वॉटर. १८५१ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी काढलं, त्यात शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि चक्क अल्कोहोल होतं, पूर्वीची बाळं शांत व्हायची यात नवल ते काय. आता आपल्याकडच्या बाटल्यांत अल्कोहोल नसतं. उरलं शेपूचं तेल, सोडा आणि गोड पाणी. शेपू म्हणजे आपली बाळंतशोपाच, ती आईने जेवणानंतर खावी, खुशाल खावी. बाळाला गोड चवीने दोन मिनिटं बरं वाटतं, कोलिक त्याने बरं होतं असा पुरावा नाही.

मेडिकलमधून आणलेले पोटदुखीचे थेंब, हे सगळ्यात गंभीर. बाटलीवर बारीक अक्षरात डायसायक्लोमिन लिहिलंय का बघा. असेल तर सहा महिन्यांखालच्या बाळाला ते द्यायचं नाही, श्वास थांबल्याच्या, झटक्यांच्या, बेशुद्धीच्या घटना झालेल्या आहेत. शेजारणीने दिलेली, मोठ्या भावाची उरलेली, दुकानदाराने सहज काढून दिलेली, कुठलीही असो. नुसतं सायमेथिकोन, म्हणजे गॅसचे बुडबुडे फोडणारं औषध, असलेले थेंब त्या मानाने निरुपद्रवी आहेत, पण चाचण्यांमध्ये ते साध्या पाण्याच्या थेंबांपेक्षा सरस ठरले नाहीत. प्रोबायोटिकमध्ये, म्हणजे पोटाला उपयोगी जिवाणूंच्या औषधांत, लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी डीएसएम १७९३८ नावाच्या एका ठरावीक प्रकाराने अंगावर पिणाऱ्या बाळांचं रडणं काही प्रमाणात कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलंय, वरच्या दुधावरच्या बाळांत तसं ठामपणे दिसलेलं नाही. हवं तर डॉक्टरांना याच नावाने विचारा, कुठलंही प्रोबायोटिक उचलून आणू नका.

आईच्या खाण्यावर तर सगळ्यांचा डोळा. डाळ नको, वांगं नको, फ्लॉवर नको, हरभरा वातूळ, दही थंड. असं करत करत बाळंतीण भात आणि मेतकुटावर येते आणि चक्कर येऊन पडते. आईने खाल्लेल्या हरभऱ्याचा गॅस दुधातून बाळाच्या पोटात जात नाही. चहा-कॉफी मात्र दिवसाला पाच-सहा कप होत असेल तर कमी करा. एकच खरा अपवाद, गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी: रडण्यासोबत शीत रक्त किंवा चिकट आव, अंगावर खरबरीत चट्टे, सारख्या उलट्या, असं असेल तर डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध-दही-पनीर-खवा सगळं बंद करायला सांगू शकतात. फरक पडतोय का बघायचं, मग पुन्हा खाऊन खात्री करायची. स्वतःच्या मनाने वर्षभर दूध सोडून बसायचं नाही.

घरातल्या मोठ्यांशी कसं बोलायचं

आमच्या सासूबाई म्हणायच्या, अगं, एवढीशी घुटी चाटव, आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? वाद घालून काही होत नाही, त्यांनी खरंच वाढवलीत. मी म्हटलं, आई, डॉक्टरांनी तोंडात काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय, पण तुमच्या हातावर ती पटकन थांबते, सहा ते सात तुम्ही घ्याल का? घेतलं त्यांनी. त्यांना काम मिळालं, मला जेवायला वेळ. दृष्ट काढायची तर काढू द्या, मीठ-मोहरी ओवाळल्याने कुणाचं नुकसान नाही, मिरच्या जाळायला मात्र गॅलरीत. आणि कडेची सवय लागेल असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या, दीड महिन्याच्या बाळाला लाड-बीड कळत नाहीत, मनसोक्त घ्या.

बदल एका वेळी एकच करा, आणि त्याला चार-पाच दिवस द्या. सोमवारी थेंब, मंगळवारी पावडर, बुधवारी नवे डॉक्टर असं केलं तर कशाने काय झालं हे कधीच कळणार नाही.

तुमचं काय

तीन तासांचं रडणं ऐकल्यावर कुणाच्याही डोक्यात नको ते विचार येतात. बाळाला जोरात हलवून गप्प करावंसं वाटणं, तो क्षण ओळखा. बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही, काही सेकंदांत मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. असं वाटलं की बाळाला पाळण्यात किंवा जमिनीवरच्या गादीवर उताणं ठेवा, उशी-पांघरूण बाजूला करा, दार लोटा आणि दहा मिनिटं गॅलरीत जा. पाणी प्या, बहिणीला फोन करा. एकटं रडल्याने दहा मिनिटांत बाळाला काही होत नाही. बाबा घरी असतील तर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावा आणि ज्याची पाळी नाही त्याने खरंच दुसऱ्या खोलीत जायचं, दारात उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत. रात्री बाळाला पोटावर घेऊन सोफ्यावर किंवा खुर्चीत डोळा लागू देऊ नका, झोप येतेय वाटलं की आधी बाळ खाली. झोळीत झोपलं तरी हनुवटी छातीला टेकलेली नाही ना बघा आणि सपाट जागी काढून ठेवा.

बाळ झोपल्यावरही तुम्हाला झोप येत नाही, सारखं रडू येतं, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, किंवा मरणाचे विचार येतात, असं दोन आठवडे चालू असेल तर थांबू नका, आणि मरणाचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार असतील तर आजच सांगा. १४४१६ हा सरकारचा टेली मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी मदतीचा फोन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. घरी आशाताई येतात त्यांनाही सांगता येतं, बेचाळिसाव्या दिवशी त्यांची एक भेट असतेच, म्हणजे नेमकी रडण्याच्या ऐन भरातली. त्या दिवशी बाळाच्या वजनाबरोबर स्वतःचंही बोला.

तिसऱ्या महिन्यानंतर संध्याकाळ हळूहळू सुटी व्हायला लागते, आधी एखादा दिवस चुकतो, मग तीन तासांचा एक तास होतो. तेव्हा गुंडाळणं कमी करत आणा, आणि बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करायला लागलं की त्याच दिवसापासून बंद, कारण हात बांधलेले असताना पालथं झालं तर तोंड वर काढता येत नाही. आणि एकदा थांबलेलं रडणं पाचव्या-सहाव्या महिन्यात अचानक नव्याने सुरू झालं, तर जुनं कोलिक परत आलं असं समजू नका. दर दहा-वीस मिनिटांनी कळ आल्यासारखं किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, मधे पांढरं-मलूल पडतं, उलट्या, किंवा शी लालसर जेलीसारखी, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं, त्यात तास महत्त्वाचे असतात, लहान मुलांचे सर्जन आणि सोनोग्राफी आहे अशाच मोठ्या हॉस्पिटलात न्या.